रॉकेटची सांधेदुखी

चौदा सुटे भाग होते, त्यांचा एक झाला. वेल्डिंगचे १९ सांधे होते, ते सगळे गेले. ९ मे २०२४ रोजी इस्रोने महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापील इंजिन ६६५ सेकंद चालवलं, तेव्हा जाहीर केलेले हे आकडे आहेत. जुन्या पद्धतीने एका इंजिनासाठी ५६५ किलो घडीव धातू आणि पत्रे लागत, छपाईत १३.७ किलो धातूची भुकटी पुरली. वेळही ६० टक्क्यांनी वाचला.

हे वाचून वाटावं की रॉकेटच्या सांध्यांचा प्रश्न आता मिटलाच. खरं तर इंजिनाच्या पोटातले सांधे गेले आणि तोंडाशी असलेले राहिले. टाकीकडून येणारी ऑक्सिजनची नळी, इंधनाची नळी, दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी, ज्वलन सुरू करणाऱ्या इग्नायटरचा मार्ग, अशा प्रत्येक ठिकाणी छापलेल्या धातूला बाजारातून आणलेली नळी जोडावीच लागते. ही जोडणी करणाऱ्या बोटभर वस्तूला जगभर फिटिंग म्हणतात. ती हलकी असावी, गळू नये, उणे १८३ अंशांवरही गळू नये, शेजारी ज्वाळा धडधडत असताना हादरून सैल होऊ नये आणि काम झाल्यावर पुन्हा उघडता यावी, एवढ्या अपेक्षा तिच्याकडून असतात.

इस्रोसारख्या संस्थेकडे या कामाला वेगळे विभाग असतात. हौशी रॉकेटवाल्यांकडे एक कॅटलॉग, एक पाना आणि परीक्षा तोंडावर आलेली चार मुलं असतात. म्हणून हा प्रश्न नीट पाहायचा तर त्यांच्याकडूनच पाहिलेला बरा.

मोहावेतली मुलं

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात हौशी रॉकेटवाल्यांची जुनी वहिवाट आहे. तिथे चाचणीची जागा राखून असलेली रिअॅक्शन रिसर्च सोसायटी १९४३ सालची. जवळच ‘फ्रेंड्स ऑफ ॲमॅच्युअर रॉकेट्री’ या संस्थेचं मैदान आहे. तिथे ऑक्टोबर २०१३मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘ट्राय-डी’ नावाचं इंजिन पेटवलं. रेटा सुमारे २०० पौंड, म्हणजे जेमतेम ९० किलो वजन पेलण्याइतका. इंधन केरोसीन, सोबत द्रवरूप ऑक्सिजन. इंजिन कोबाल्ट-क्रोममध्ये लेझरने थरावर थर वितळवून छापलेलं. एखाद्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी धातूत छापलेलं रॉकेट इंजिन चालवण्याची ही पहिली वेळ मानली जाते. पुढे त्याच गटाने इनकोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूत ७५० पौंड रेट्याचं ‘इग्नस’ छापून घेतलं आणि २०१६मध्ये ‘व्हल्कन-१’ या रॉकेटला बसवून उडवलं.

या मुलांनी एक दार उघडून दिलं. इंजिनाचं चित्र संगणकावर काढायचं, फाइल छपाईच्या कारखान्याला पाठवायची आणि काही आठवड्यांनी खोक्यातून इंजिन घरी. भिंतीच्या आत इंधन खेळवून इंजिन थंड ठेवणाऱ्या नागमोडी वाहिन्या कापायला पूर्वी निष्णात कारागीर आणि महागडी यंत्रं लागत. आता त्या छपाईत आपोआप येतात. अवघड काम सोपं झालं आणि जे काम पूर्वी किरकोळ समजलं जाई, ते सगळ्यांत अवघड होऊन बसलं.

क्लीव्हलंडचा वारसा

हौशी रॉकेटमध्ये दोन घराण्यांच्या फिटिंग सर्वाधिक दिसतात आणि दोन्हींची मुळं अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात सापडतात.

पहिलं घराणं फ्लेअरचं. नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवायचं, ते शंकूच्या आकाराच्या नाकावर बसवायचं आणि मागून नटाने आवळायचं. मधे रबर नाही, वॉशर नाही. धातूवर धातू दाबूनच गळती थांबते. आर्थर पार्कर याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस क्लीव्हलंडमध्ये कारखाना काढला. १९१९मध्ये मालाने भरलेला त्याचा ट्रक घसरून कड्यावरून खाली गेला आणि धंदाच बुडाला. त्याने काही वर्षांनी तो पुन्हा उभा केला. १९२७मध्ये चार्ल्स लिंडबर्गने अटलांटिक एकट्याने ओलांडला, त्या विमानाच्या इंधनवाहिन्यांना पार्करच्या फिटिंग होत्या. पुढे अमेरिकी लष्कर आणि नौदलाने ३७ अंशांच्या फ्लेअरचं मानक ठरवलं. त्या दोघांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं घेऊन या फिटिंगला आजही ‘एएन’ म्हणतात. मोटारींच्या शर्यतींनी त्या ॲल्युमिनियममध्ये स्वस्त केल्या. निळ्या-लाल रंगांत चमकणाऱ्या या फिटिंग हौशी रॉकेटवाल्यांच्या हाती लागल्या त्या याच वाटेने.

दुसरं घराणं दोन फेरूलचं. १९४७मध्ये फ्रेड लेनन याने सुरू केलेल्या स्वेजलॉक कंपनीने ते रूढ केलं. इथे नळी फुलवावी लागत नाही. सरळ कापलेली नळी आत सरकवायची, नट हाताने घट्ट करायचा आणि मग पान्याने सव्वा फेरा. आतल्या दोन कड्या नळीला आवळून धरतात. पाव इंच आणि त्याहून मोठ्या नळीला लागू असलेला हा सव्वा फेऱ्याचा नियम इतका सोपा आहे की नवशिक्याच्या हातूनही सांधा पक्का होतो. पण स्टेनलेसची ही फिटिंग जाडजूड आणि जड असते.

म्हणून अनुभवी गट सरळ वाटणी करून टाकतात. जमिनीवरच्या चाचणी चौकटीला वजनाचं वावडं नसतं, तिथे फेरूल. जे आकाशात जाणार, तिथे फ्लेअर. चाचणीत चाललेलं सगळं प्लंबिंग उचलून रॉकेटमध्ये भरणारे गट पहिल्याच वजनमापणीत ताळ्यावर येतात.

३७, ४५ आणि बाथरूमचे आटे

फ्लेअर आपल्याकडे अनोळखी नाही. एसी बसवायला येणारा मेकॅनिक तांब्याच्या नळीचं टोक आपल्यासमोरच फुलवतो. मात्र त्याचं अवजार ४५ अंशांचं असतं. ४५ अंशांची फुलवलेली नळी ३७ अंशांच्या नाकावर आवळली तर नट घट्ट बसतो, पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, पण आत शंकूच्या पूर्ण पृष्ठभागाऐवजी एका बारीक रेषेवरच टेकण मिळतं. पाण्याच्या दाबाला असा सांधा तग धरेलही. थंडी आणि हादरे एकदम आले की गळतो.

नळीची बाजू सुटली तरी फिटिंगचं दुसरं टोक इंजिनात बसवायचं असतं. तिथे हौशी मंडळी बहुतेकदा घसरतात ती निमुळत्या आट्यांवर. अमेरिकी एनपीटी आटे दर १६ मिलिमीटरला १ मिलिमीटर निमुळते होत जातात. पाचरीसारखे घुसत, टेफ्लॉन टेपच्या मदतीने सांधा बंद करतात. स्वस्त, सर्वत्र मिळणारे आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या थंडीतही बऱ्यापैकी टिकणारे. पण पाचर म्हटली की ती भोवतालच्या धातूला बाहेर रेटणारच. वजन वाचवायला पातळ ठेवलेल्या छापील भिंतीला तो ताण चिरू शकतो. घट्ट झाल्यावर काटकोनात वळणाऱ्या एल्बोचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला येईल, हेही आपल्या हातात राहत नाही. टेपचा सुटलेला धागा आत गेला तर जेमतेम १ मिलिमीटर व्यासाच्या इंजेक्टरच्या भोकात जाऊन बसतो. एक भोक तुंबलं की तिथे मिश्रण बिघडतं आणि इंजिनाची भिंत त्या जागी जळून जाऊ शकते.

त्यापेक्षा सरळ आटे आणि ओ-रिंगचं पोर्ट, म्हणजे फिटिंग बसवायचं तोंड, बरं. आटे फक्त धरून ठेवतात, गळती थांबवण्याचं काम रिंग करते. इंधनाच्या बाजूला हा उत्तम मार्ग. ऑक्सिजनच्या बाजूला मात्र नेहमीची नायट्राइल रबराची रिंग गोठून काचेसारखी कडक होते. तिथे टेफ्लॉनची किंवा धातूची सील लागते. एकाच इंजिनाच्या दोन तोंडांना दोन वेगळ्या जातींचे सांधे लावावे लागतात, ते यामुळे.

ग्रॅमचा हिशेब टाकीत

आता वजनाकडे येऊ. ॲल्युमिनियमची घनता २.७, स्टेनलेसची ८च्या जवळपास. म्हणजे आकार तोच ठेवून धातू बदलला की वजन जवळजवळ तिप्पट. दुसरा मोह लहान मापाचा. एएन फिटिंगची मापं ‘डॅश’मध्ये सांगतात आणि डॅशपुढचा आकडा नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागात देतो. डॅश सिक्स म्हणजे ३/८ इंच, डॅश फोर म्हणजे पाव इंच. डॅश फोर घेतलं की नळीही हलकी, नटही हलका.

२ किलोन्यूटन रेट्याचं, इथेनॉल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं इंजिन घेऊन आकडेमोड करून पाहू. त्याला सेकंदाला साधारण अर्धा किलो ऑक्सिजन लागेल. डॅश सिक्स फिटिंगच्या आतलं भोक सुमारे ७.५ मिलिमीटरचं, त्यातून ऑक्सिजन सेकंदाला १० मीटर वेगाने जाईल आणि त्या वेगाचा गतिज दाब अर्ध्या बारच्या किंचित वर येईल. डॅश फोरचं भोक सुमारे ४.४ मिलिमीटरचं. तिथे वेग २९ मीटर. दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो पोचतो ४.८ बारवर. काटकोनात वळणारी एक टोकदार एल्बो साधारण तेवढाच दाब खाऊन टाकते.

हा हरवलेला दाब भरून काढायचा तर टाकीतच जास्त दाब भरावा लागणार, कारण हौशी रॉकेटमध्ये पंप नसतो. १० लिटरची ॲल्युमिनियमची नळकांडी टाकी धरली आणि धातूवर १५० मेगापास्कलपर्यंत ताण चालेल असं मानलं, तर सव्वाचार बार जास्तीच्या दाबासाठी सुमारे १५० ग्रॅम धातू जास्त लागतो. शिवाय दाब देणारा वायू जास्त, त्याची बाटली जड. फिटिंगमध्ये वाचलेले मूठभर ग्रॅम टाकीने कित्येक पटींनी परत वसूल केले. फिटिंगचं वजन तराजूवर दिसतं तेवढंच नसतं. ती इतर भागांना किती ओझं वाहायला लावते, तेही त्यात मोजावं लागतं.

म्हणून जाणते लोक आधी वेग ठरवतात, मग भोक आणि मग माप. काटकोनी एल्बो टाळून नळीलाच मोठ्या त्रिज्येचा बाक देतात. एल्बोचं वजनही जातं आणि एक सांधाही.

भुकटीतून आलेले आटे

छपाईचं यंत्र साधारण ३० ते ६० मायक्रॉन जाडीचे थर वितळवत जातं. पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत येतो. अशा पृष्ठभागावर ओ-रिंग कितीही आवळली तरी खाचांमधून वायू वाट काढतोच. छापलेल्या आट्यांचंही तेच. म्हणून आटे छापायचे नाहीत. भोक थोडं लहान छापायचं आणि मग टॅप मारून किंवा मिलिंग करून आटे पाडायचे. सील बसणाऱ्या तोंडावर अर्धा ते एक मिलिमीटर धातू जादा ठेवायचा, म्हणजे कातून गुळगुळीत करता येतो.

कागदावर सोपं वाटणारं हे काम लेथवर गेलं की खरे प्रश्न सुरू होतात. इंजिनाचा आकार कमनीय. ते चकमध्ये धरायचं कुठे? त्यासाठी पकडायचे कान डिझाइनमध्येच छापून घ्यावे लागतात, काम झाल्यावर कापून टाकायचे. आडवं गोल भोक छापलं तर त्याचं छत लोंबतं, म्हणून ते पाण्याच्या थेंबासारखं टोकदार काढतात. इनकोनेल इतकं चिवट की टॅप आतच मोडतो आणि मोडका टॅप अडकलेलं इंजिन म्हणजे महागडा पेपरवेट. ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा छापील मिश्रधातू स्वस्त आणि कातायला सोपा, पण मऊ. दर चाचणीला फिटिंग काढघाल केली की आटे झिजतात. यावर साधा तोडगा आहे. इंजिनात एक ॲडॉप्टर कायमचा बसवायचा आणि पुढची सगळी उघडझाप त्याच्या बाहेरच्या टोकाला करायची.

धीट गट पोर्टच काढून टाकतात. फ्लेअरचं शंकूसारखं नाक आणि बाहेरचे आटे इंजिनाच्या अंगावरच उभारायचे, कातून साफ करायचे आणि त्यावर थेट नळीचा नट. एक अख्खा सांधा कमी, आट्यांची एक जोडी कमी. सगळ्यांत हलकी फिटिंग हीच. धोका एवढाच की त्या नाकाला पान्याचा ओरखडा गेला तर पाचशे रुपयांची फिटिंग बदलून भागत नाही. इंजिन बाद होतं. त्यामुळे पहिल्या इंजिनाला हा प्रयोग करू नये, तिसऱ्या-चौथ्याला जरूर करावा.

पान्यासाठी जागा ठेवायलाही अनेक जण विसरतात. संगणकाच्या पडद्यावर फिटिंग अलगद जागेवर बसते. प्रत्यक्षात दोन पाने लागतात, एक नट फिरवायला आणि दुसरा इंजिनाचं तोंड धरून ठेवायला. तोंडाला षटकोनी आकार छापून दिला की दुसऱ्या पान्याला पकड मिळते आणि पातळ भिंतीवर पीळ येत नाही. हे काही ग्रॅम खर्च करण्यासारखे आहेत.

एका नटाची किंमत

हलक्या फिटिंगचा सगळ्यांत महाग धडा स्पेसएक्सच्या नावावर आहे. २४ मार्च २००६ रोजी प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन प्रवाळद्वीपांपैकी ओमेलेक बेटावरून फाल्कन-१चं पहिलं उड्डाण झालं. इंजिन पेटताच बाहेर गळलेल्या केरोसीनला आग लागली. आगीने झडपा चालवणारा दाब गेला आणि सुमारे अर्ध्या मिनिटात इंजिन बंद पडून रॉकेट कोसळलं.

सुरुवातीला बोट दाखवलं गेलं ते नट नीट न आवळणाऱ्या तंत्रज्ञाकडे. पुढच्या तपासात वेगळंच निघालं. इंधन पंपाजवळच्या दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळीवरचा ॲल्युमिनियमचा नट आतून गंजून तडकला होता. रॉकेट कित्येक महिने बेटावर होतं. कोकणात नवा पत्रा दोन पावसाळ्यांत जसा खाल्ला जातो, तसा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्या नटाचा घास घेतला होता, फक्त बाहेरून काही दिसत नव्हतं. मुख्य इंधनवाहिनी शाबूत होती. गेली ती एका मोजमापाच्या बारीक नळीची जोडणी. त्यानंतर कंपनीने ॲल्युमिनियमचे असे नट काढून स्टेनलेसचे बसवले. जड झाले तरी चालतील, असा तो निर्णय होता. याच फाल्कन-१ने २८ सप्टेंबर २००८ला चौथ्या खेपेस कक्षा गाठली.

दुसरा धडा टायटॅनियमचा. पोलादाच्या तोडीची ताकद आणि घनता ४.४च्या आसपास, वजन वाचवू पाहणाऱ्याला याहून मोहक धातू नाही. २० एप्रिल २०१९ रोजी स्पेसएक्सचीच क्रू ड्रॅगन कुपी जमिनीवरच्या चाचणीत फुटली. गळकी झडप ओलांडून नायट्रोजन टेट्रॉक्साइड हेलियमच्या नळीत शिरलं होतं. दाब देताच त्याचा गोळा वेगाने टायटॅनियमच्या झडपेवर आदळला आणि धातूच पेटला. त्याच कुपीच्या सुपरड्रॅको इंजिनांचे ज्वलनकक्ष इनकोनेलमध्ये छापलेले होते. घात केला तो नळीतल्या झडपेने. टायटॅनियमला द्रवरूप ऑक्सिजनच्या सान्निध्यातही धक्क्याने पेटण्याची खोड आहे. त्यामुळे ऑक्सिजनच्या वाटेवर ते वर्ज्य. पितळ, स्टेनलेस, काळजीपूर्वक स्वच्छ केलेलं ॲल्युमिनियम चालतं. तेलाचा डाग, साधं ग्रीस, हाताचा चिकटपणा यांतलं काहीही तिथे चालत नाही.

नागदेवी स्ट्रीट ते नागपूर

भारतात छापील इंजिनांचं वारं जोरात आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये हैदराबादच्या स्कायरूटने द्रवरूप नैसर्गिक वायू आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या ‘धवन-१’ या छापील इंजिनाची चाचणी घेतली, ती नागपूरला, सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात. आयआयटी मद्रासमध्ये रुजलेल्या अग्निकुलने ३० मे २०२४ला श्रीहरिकोट्याहून एकसंध छापलेल्या इंजिनावर आपलं रॉकेट उडवलं. हे पाहून महाविद्यालयांतल्या मुलांचे हात शिवशिवणारच.

त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. आपली बाजारपेठ बीएसपी आट्यांची आहे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा भोसरीत हायड्रॉलिक फिटिंग मागितली तर सहज हाती येते ती ब्रिटिश वळणाची, ५५ अंशांच्या आट्यांची. अमेरिकी आटे ६० अंशांचे. अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एकात दुसरं दोन-तीन फेरे मुकाट्याने फिरतं आणि मग अडतं किंवा गळतं. परदेशी संकेतस्थळावरून उचललेलं पोर्ट छापून घ्यायचं आणि फिटिंग स्थानिक दुकानातून आणायची, हा हमखास फसणारा बेत आहे. आधी फिटिंग हातात घ्यावी, मोजावी आणि मग तिच्या मापाने इंजिनाचं तोंड काढावं.

जोडल्यावर तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी भरून, कामाच्या दीडपट दाबाने; पाणी फारसं दबत नसल्याने काही फुटलं तरी स्फोट होत नाही. मग नायट्रोजन आणि साबणाचे बुडबुडे. मग द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत गारठवून पुन्हा गळती पाहायची, कारण खरी खोडी थंडीत निघते. तेवढं तापमान उतरताना ॲल्युमिनियम सुमारे ०.४ टक्के आकसतं, स्टेनलेस ०.३ टक्के. स्टेनलेसच्या किंवा इनकोनेलच्या पोर्टमध्ये बसवलेली ॲल्युमिनियमची फिटिंग म्हणूनच थंडीत आतल्या आत सुटी होते. अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांचं उड्डाण जून २०२५मध्ये लांबलं, तेही काही अंशी अशाच एका तपासणीमुळे. फाल्कन-९च्या इंजिनांच्या सात सेकंदांच्या चाचणीत ऑक्सिजनची गळती सापडली. ती दुरुस्त होऊन २५ जूनला रॉकेट निघालं. वेळापत्रकाची बोंब झाली, पण तपासणीने आपलं काम चोख केलं.

या सगळ्यातून निवडीचा एक क्रम हाती लागतो. हा सांधा हवाच का, हे आधी विचारावं. छपाईने काढता येत असेल तर काढावा. ठेवायचाच असेल तर तो उघडून, तपासून पुन्हा बसवता येतो का, ते पाहावं. मग त्यातून जाणारा द्रव आणि त्याचं तापमान पाहून सील आणि धातू ठरवावा. त्यानंतर वेगाच्या हिशेबाने माप. हलकेपणाचा नंबर शेवटचा. वरचे चार प्रश्न नीट सुटले तर तोवर बरंच वजन आपोआप उतरलेलं असतं.

एक सूचना महाविद्यालयांना. रॉकेटच्या गटात संगणकावर चित्र काढणारे दहा जण मिळतात. नळी सरळ कापून, कडा घासून, ३७ अंशांचा फ्लेअर न चिरता पाडणारा एकही नसतो. हे कौशल्य आपल्याकडे आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये शिकलेल्या मुलांच्या हातात आहे. छपाईच्या बिलाच्या मानाने किरकोळ खर्चात एक चांगलं फ्लेअरिंग टूल आणि एक टॉर्क रेंच येतो. तो खर्च आधी करावा, जवळच्या आयटीआयमधल्या दोन मुलांना गटात बरोबरीने घ्यावं आणि इंजिनाची फाइल छपाईला पाठवण्यापूर्वी तिच्यावर त्यांची सही घ्यावी.